'भावनिक' आणि आवळ्याची भावना

परभणीच्या एका वाचकाने विचारलंय, 'भावनिक निर्णय' बरोबर की 'भावनात्मक निर्णय'?

दोन्ही चालतात. 'भावनिक' अशुद्ध ठरवणाऱ्या पंडितांना 'कल्पना'वरून झालेलं 'काल्पनिक' चालतं, मग हे का खुपतं? 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे 'अ'चा 'आ', 'इ-ई'चा 'ऐ'. इथे 'भा'तला 'आ' आधीच वृद्धीचा स्वर आहे, विषय संपला. मला चीड येते ती 'ते भावनिक झाले' या बातम्यांतल्या रोजच्या वाक्याची. माणूस भावुक होतो, गहिवरतो, त्याला भरून येतं. भावनिक असतो तो प्रश्न, आधार, गुंता.

'भावना' आली 'भू' म्हणजे 'होणे' या धातूच्या प्रयोजक, म्हणजे 'व्हायला लावणे' या अर्थाच्या रूपातून. तिचा वैद्यकातला अर्थ मात्र लोक विसरले: चूर्णात रस मुरवणं. अंबाजोगाईला आमचे आजोबा आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाची भावना द्यायचे. खलात चूर्ण भिजेल इतकाच रस घालायचा, घोटायचं, वाळवायचं, की पुन्हा रस. अशा सात भावना झाल्या की चिमूटभर चूर्णानेही तोंड आंबट व्हायचं. तिकडे न्यायशास्त्राच्या 'तर्कसंग्रह' या संस्कृत ग्रंथात भावना हा संस्काराचा एक प्रकार: 'अनुभवजन्या स्मृतिहेतुर्भावना', म्हणजे अनुभवातून उपजणारी आणि आठवणीला कारण होणारी. कोशकार हे दोन अर्थ वेगवेगळ्या क्रमांकांखाली टाकतात, ते मला मुळीच पटत नाही. अनुभवही माणसात असाच थरावर थर मुरतो, अर्थ एकच आहे.

म्हणून 'भावना बाजूला ठेवून ठरवा' हा सल्ला ऐकला की मी विचारतो, चूर्णातून रस वेगळा काढणार कसा? मेंदूतज्ज्ञ आंतोनियो दामासिओ यांनी १९९४ च्या पुस्तकात असे रुग्ण मांडलेत, ज्यांच्या कपाळामागच्या मेंदूला इजा झाली होती. बुद्धी शाबूत, भावना बोथट. पुढच्या भेटीसाठी दोनच तारखा समोर होत्या, तर एकजण जवळजवळ अर्धा तास दोन्हींची कारणं मांडत बसला. निवड काही होईना!

आमचा थोरला भाऊ दोन वर्षांमागं घाईत सोयाबीन विकून पस्तावला. औंदा मोंढ्यात भाव ऐकला, मूठभर दाणे तळहातावर फिरवले, 'मन धजंना' म्हणाला आणि पोती माघारी आणली. मोंढ्यातला भाव आणि मनातला भाव, दोन्ही त्याच 'भू'चे.