एबीएसचा (करकचून ब्रेक दाबला तरी चाकं जॅम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा विझतच नाही, ब्रेक मात्र नीट लागतात. गॅरेजवाला एबीएसचं मॉड्यूल (कंट्रोल युनिट) बदला म्हणतोय. बदलू का?

इतक्यात नको. आधी त्याला विचारा, स्कॅनरवर बिघाडाचा कोड कुठला आला? कोड न वाचताच मॉड्यूलचं नाव घेतलं असेल, तर तो नुसता अंदाज आहे आणि खर्च तुमचा.

नुसता पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक चालू असतात. फक्त करकचून दाबले की चाकं जॅम होऊ शकतात. पावसात अंतर ठेवून चालवा. पण हँडब्रेक सोडलेला असूनही सोबत ब्रेकचा लाल दिवा लागत असेल, तर गाडी बाहेर काढू नका. ब्रेक ऑइल कमी असू शकतं किंवा ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा) बंद पडलेली असू शकते. ईबीडी नसेल तर जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी जॅम होऊन गाडी फिरू शकते.

ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतो. त्यावर काही दिसलं नाही म्हणजे एबीएस ठीक, असं नाही. एबीएसमध्ये शिरणारा स्कॅनर लागतो. त्याचे कोड बहुतेक ‘सी’ने सुरू होतात.

मी कोडपेक्षा लाइव्ह डेटावर जास्त विसंबतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर २०च्या वेगाने गाडी चालवायची, शेजारच्याने स्क्रीनवर चारही चाकांचे वेग बघायचे. तीन चाकं २० दाखवतात आणि एक शून्यावर, किंवा मध्येच गचकतं. दोष त्या चाकाशी.

तरी लगेच त्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर मागवू नका. स्टेअरिंग वळवताना शॉक ॲब्सॉर्बरजवळ सेन्सरची वायर सतत वाकते. वरून धड दिसते, आत तार तुटलेली असते. कपलर (वायरीचा जोड) उघडून पाणी, हिरवा गंज बघा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही भरपूर निघतात. जुना कॉइलवाला सेन्सर मल्टीमीटरवर साधारण १ ते २ किलोओहम दाखवतो, पण हल्लीच्या ॲक्टिव्ह (बाहेरून वीज लागणाऱ्या) सेन्सरचा रेझिस्टन्स मोजून काही कळत नाही. त्याला कपलरपर्यंत व्होल्टेज येतं का ते बघायचं.

आणि हो, दिवा लागायच्या थोडं आधी व्हील बेअरिंग बदललं होतं का? बऱ्याच गाड्यांत सेन्सर जिच्यावरून वेग वाचतो ती चुंबकीय रिंग बेअरिंगच्या एका सीलमध्येच असते. दिसायला ते साधं रबरी सीलच, त्यामुळे बेअरिंग उलटं ठोकलं जातं. चाक मस्त फिरतं, आवाज नाही, पण सेन्सरला सिग्नल नाही. अशा वेळी नवा सेन्सर घातला तरी दिवा तसाच राहतो.

चारही वेग जुळत असतील तर टायर एकाच मापाचे आहेत ना, फ्यूज, अर्थिंग, बॅटरीचं व्होल्टेज हे सगळं बघून मगच मॉड्यूल. ते बदलायचंच ठरलं तर कोडिंग (नवं मॉड्यूल गाडीशी जुळवणं) आणि ब्रेकची हवा काढणं याच दरात आहे का, ते आधी ठरवून घ्या. दुरुस्तीनंतर काही गाड्यांत दिवा थोडं अंतर चालवल्यावरच विझतो, तेव्हा गॅरेजच्या दारातच भांडू नका.