सेंट जॉर्जचे ‘पदक’ नव्हे, ‘श्रेणी’

रशियाच्या ‘ऑर्डर ऑफ सेंट जॉर्ज’ या लष्करी सन्मानाला मराठीत ‘सेंट जॉर्ज पदक’ म्हणावे का, असे एका वाचकांनी विचारले आहे. म्हणू नये. ‘सेंट जॉर्जचा आदेश’ हे तर निव्वळ अज्ञान आहे आणि तरीही ते वारंवार छापले जाते.

‘ऑर्डर’च्या मुळाशी लॅटिन ‘ओर्डो’ आहे. मागावर ताणलेल्या धाग्यांची ओळ हा त्याचा जुना अर्थ. ओळीवरून दर्जा, दर्जावरून एका नियमाने बांधलेला समुदाय, आणि अखेरीस त्या समुदायाचे छातीवरचे चिन्ह, असा त्याचा अर्थ सरकत गेला. संस्कृत ‘श्रेणी’नेही हीच वाट धरली: आधी ओळ, मग कारागिरांचा संघ. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या (क्षत्रप नहपानाच्या जावयाच्या) लेखात जवळच्या गोवर्धन गावच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे, आणि त्यांतले २००० कार्षापण (त्या काळची नाणी) ज्या कोलिकनिकायाकडे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले, तो संघ विणकरांचाच! ‘ओर्डो’ आणि ‘श्रेणी’ हे शब्द सजातीय, म्हणजे एका मुळातून आलेले, नाहीत, पण अर्थाची अशी जुळणी क्वचितच सापडते. म्हणून ‘सेंट जॉर्ज श्रेणी’ असेच म्हणावे, असे माझे ठाम मत आहे. ‘सन्मानचिन्ह’ सुचवणाऱ्यांना वस्तू दिसते, संघ दिसत नाही.

संघ होता, हे रशियाचा इतिहासच सांगतो. सम्राज्ञी कॅथरिन दुसरीने १७६९ मध्ये चार वर्गांची ही श्रेणी स्थापन केली, तेव्हा उच्च कुळ किंवा रणात झालेल्या जखमा एवढ्यावर ती मिळणार नाही, असे नियमावलीतच घातले; १७८२ मध्ये मानकऱ्यांची स्वतंत्र सभाही नेमली. चारही वर्ग मिळवणारे कुतूझोव्ह, बार्कले द तोली, पास्केविच आणि दीबिच असे चौघेच सेनानी झाले.

ही श्रेणी अधिकाऱ्यांची. सामान्य सैनिकांसाठी सम्राट अलेक्झांडर पहिल्याने १८०७ मध्ये वेगळे चिन्ह काढले, ज्याला १९१३ मध्ये अधिकृतपणे ‘जॉर्ज क्रॉस’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी ‘शौर्यासाठी’ दिल्या जाणाऱ्या जुन्या पदकाचे नाव ‘जॉर्ज पदक’ झाले. ‘सेंट जॉर्ज पदक’ म्हटले की जाणकार वाचकाच्या डोळ्यांपुढे हे तिसरेच चिन्ह उभे राहते. बोल्शेविकांनी १९१७ मध्ये बंद केलेली ही श्रेणी २००० मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हाही क्रॉस तिच्यापासून वेगळाच ठेवला गेला.