ट्राउटचे ठिपके बघायला बसण्याआधी

दोन ट्राउट माशांची कातडी आणि ठिपके ताडून बघणार आहेस, तर आधी एक ऐक: फॉर्मॅलिनच्या (मासा टिकवायच्या द्रावणाच्या) बाटलीतल्या माशावरून रंगाबद्दल काहीही लिहू नकोस. लाल-पिवळा रंग बहुतेक कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांचा. सूक्ष्मदर्शकासाठी काचपट्टी तयार करताना वापरतात त्या अल्कोहोल आणि झायलीन या द्रावकांमध्ये तो धुऊन जातो, काचपट्टीवर उरतं ते मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य. सुरुवातीला मीही 'लाल पेशी आढळल्या नाहीत' असं छातीठोकपणे लिहून मोकळा झालो होतो!

तुझे दोन मासे, स्लोव्हेनियातल्या सोचा नदीचा मार्बल ट्राउट आणि ब्राऊन ट्राउट, अगदी जवळचे भाऊबंद. कातडीची बांधणी तीच: खवल्यांवरूनही पसरलेली पातळ बाह्यत्वचा, तिच्यात बुळबुळीत स्राव सोडणाऱ्या पेशी, खाली आंतरत्वचा, खवले तिच्या खिशांत रुतलेले. रंगपेशी म्हणजे काळे मेलॅनोफोर, पिवळे झँथोफोर, ग्वानिनच्या स्फटिकांनी चमकणारे इरिडोफोर, सगळे मुख्यतः बाह्यत्वचेच्या खाली. त्यामुळे या पेशी आहेत की नाहीत यापेक्षा त्यांची मांडणी बघ. ब्राऊनवर सुटे ठिपके, बरेचदा लालही, भोवती फिकट कडं. मार्बलवर नागमोडी नक्षी, जुन्या खातेवहीच्या पुठ्ठ्यावरच्या कागदासारखी.

मार्बलवर लाल ठिपका दिसला की संकर समज, निदान संशय तरी घे. विसाव्या शतकात तिथे ब्राऊन ट्राउट सोडले गेले आणि सरमिसळ झाली. शुद्ध मार्बल उरले ते वरच्या, धबधब्यांनी तोडलेल्या ओढ्यांत. मात्र नुसत्या डोळ्यांवर विसंबू नकोस, परांचा छोटा तुकडा डीएनएसाठी ठेव.

आणि हो, फोटो एकाच रंगाच्या ट्रेमध्ये काढ. काळ्या बादलीत ठेवलेला मासा बघता बघता गडद होतो.