दक्षिण कोरियातल्या ‘पुसान’ शहराचं ‘बुसान’ का झालं? कोरियन लोकांनी उच्चार बदलला का?

नाही, उच्चार होता तोच आहे. २००० साली दक्षिण कोरियाने फक्त रोमन अक्षरांत लिहिण्याचा नियम बदलला. कोरियन लिपीत त्या जागी जे अक्षर आहे ते आपल्या ‘प’ आणि ‘ब’ या दोघांचं काम करतं. शब्दाच्या सुरुवातीला ते अघोष असतं, म्हणजे घशात कंप होत नाही, जरा श्वासही सुटतो, म्हणून मराठी कानाला ‘प’ किंवा हलका ‘फ’ वाटतो. दोन स्वरांच्या मध्ये आलं की तेच ‘ब’सारखं ऐकू येतं. ‘मूर्ख’ या अर्थाच्या शब्दात हे अक्षर दोनदा आहे आणि उच्चार साधारण ‘पाबो’ होतो. आपण दोन वेगळे ध्वनी काढतोय हे बोलणाऱ्याच्या सहसा लक्षातही येत नाही. रोमन अक्षरांत लिहिण्याची १९३९ची मॅक्यून-रायशावर पद्धत ऐकू येईल तसं लिहायची, म्हणून ‘पी’. नव्या पद्धतीने ‘पी’ महाप्राण, म्हणजे जोरात श्वास सोडून उच्चारायच्या, व्यंजनाला दिला आणि या साध्या व्यंजनाला ‘बी’. मला हे पटतं, कारण पूर्वी हा फरक ‘पी’नंतरच्या एका बारीक चिन्हावर टिकून होता आणि लिहिताना ते सर्रास गळायचं.

मात्र नवी पद्धतही अक्षराला अक्षर लावत नाही. भाताला कोरियनमध्ये जो शब्द आहे त्याच्या सुरुवातीला आणि शेवटी हेच अक्षर येतं, पण लिहितात ‘बी-ए-पी’, कारण शेवटचा ध्वनी ओठांतच अडतो. आडनावांना तर नियमाची सक्तीच नाही: ‘किम’ नियमाने ‘जी’ने सुरू व्हायला हवं, पण बहुतेक सगळे ‘के’च लिहितात.