लाकडी फरशी रोज ओल्या फडक्याने पुसावी का? पावसाळ्यात फळ्यांच्या कडा वर आल्या तर पॉलिश करून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात घोडबंदर रोडच्या नव्या घरात बेडरूमचं लाकडी फ्लोअरिंग आयतं मिळालं, कामाच्या मावशी तेही बाकीच्या लादीसारखंच बादली-फिनेलने पुसतात, आणि जुलैपासून फळ्यांच्या कडा पायाला लागायला लागल्यात. सुतार म्हणतो, घासून पॉलिश मारू. सुताराला आत्ता नको म्हणा. दिवाळी होऊ दे, मग बोलवा.

मी ही चूक करून बसलोय. आमचं घर मानपाड्याला, खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो. दिसायला छान, पण पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. बेडरूमला सागवानी फळ्या आहेत. पहिल्याच पावसात कडा वर आल्या, मी घाईने मशीन लावून सगळं सपाट करून घेतलं. जानेवारीत फळ्या सुकल्या, घासलेल्या कडा खाली गेल्या आणि प्रत्येक फळी मधोमध फुगीर दिसायला लागली. तिरप्या उन्हात ती खोली पत्र्याच्या छपरासारखी दिसायची. पैसे दोनदा गेले.

त्याचं कारण असं, की लाकूड ओलीने रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. फळीच्या खालच्या अंगाला वरच्यापेक्षा जास्त ओल पोचली की तळ जास्त पसरतो आणि कडा उचलल्या जातात, फळी उथळ पन्हाळीसारखी होते. इथे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता 80-90 टक्के असते, त्यात सांध्यांमधून रोज बादलीचं पाणी झिरपतंय. म्हणजे आधी पाणी बंद करायचं आणि लाकडाला सुकायला दोन-तीन महिने द्यायचे. बऱ्याचदा कडा आपोआप बसतात. एसीला ड्राय मोड असेल तर रोज थोडा वेळ लावा. एसीचा पाइप गळतोय का आणि बाथरूमला लागून असलेली भिंत ओली आहे का, तेही बघून घ्या. तसं असेल तर पुसण्यात कितीही सुधारणा करून उपयोग नाही. आणखी एक, भिंतीलगत स्कर्टिंगखाली 10-12 मिलिमीटर फट मुद्दाम सोडलेली असते. कुणी हौशीने ती सिमेंटने बुजवली असेल तर फळ्यांना पसरायला जागाच उरत नाही.

हे सगळं खरं लाकूड असेल तर. दाराच्या उंबऱ्याजवळची पट्टी उचलून फळीची कड बघा. सलग लाकूड असेल तर ती पुढे अनेकदा घासता येते. प्लायवर लाकडाचा पातळ थर असेल तर फार तर एक-दोनदा, तेही थर जाड असेल तरच. आणि भुशाच्या दाबलेल्या पाटीवर नक्षीचा कागद असेल तर ते लॅमिनेट, ते कधीच घासायचं नाही. फुगलं की ती फळी बदलायची.

आता रोजचं. केर मऊ कुंच्याने काढायचा, कारण पॉलिशला चरे पाडते ती चपलेबरोबर आलेली वाळू. पुसायला मायक्रोफायबरचं फडकं, लाकडी फ्लोअरिंगसाठी मिळणारं सौम्य क्लीनर थोडंसं, आणि तेही आठवड्यातून एक-दोनदा पुरे. आमच्या मावशींना हे पटवायला महिना गेला. "ओलं दिसलं नाही तर पुसलंय कशावरून, दादा?" असं त्या म्हणायच्या. शेवटी आमचं ठरलं: पिळलेलं फडकं तळहातावर दाबायचं, हात चकाकला तर परत पिळायचं, आणि पुसल्यावर मिनिटभरात फरशी वाळली पाहिजे. आता त्याच मला ओल्या पायांनी आत येऊ देत नाहीत.

फिनेल, व्हिनेगर, लिंबू, खायचा सोडा यांतलं काही नको, पॉलिश मंद पडतं. वाफेचा मॉप तर मुळीच नाही. खोबरेल तेलाने चमक येते हेही ऐकाल. पॉलिशवरून ते आत मुरत नाही, नुसतं चिकटतं आणि धूळ धरून ठेवतं. खुर्च्या-पलंगाच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावा, थोडक्या पैशांचं काम आहे. आणि सणाला लाकडावर रांगोळी काढू नका. ती दगडाचीच पूड असते, पायाखाली रगडली की सँडपेपरच. आम्ही पाटावर काढतो, समईखालीही ताटली ठेवतो.

दिवाळीनंतर कडा बसल्या की जिथे जास्त वावर आहे तिथे पाण्याचा एक थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. थेंब तसाच मोत्यासारखा राहिला तर पॉलिश शाबूत आहे, खर्च वाचला. लाकूड तिथे काळसर पडलं तर मात्र सुताराला फोन करा.