पैठणी कोणत्या विभागात ठेवावी?

प्रश्न : वूकॉमर्स या ऑनलाइन दुकान चालवण्याच्या प्रणालीवरील आमच्या साड्यांच्या दुकानात ‘पैठणी’, ‘लाल साड्या’, ‘लग्नाच्या साड्या’ असे ३० विभाग झाले असून ग्राहक गोंधळतात. काय करावे?

उत्तर : विभाग पैठणी, इरकल, नारायणपेठ असे प्रकारावरूनच पाडावेत, कारण आपल्याकडे साडी मागितली जाते ती याच नावांनी. पैठणीखाली ‘अस्सल रेशमी’ आणि ‘सेमी’ (मिश्र किंवा कृत्रिम धाग्यांच्या) हे उपविभाग अवश्य ठेवावेत. तेथील सरमिसळ म्हणजे ग्राहकाची फसवणूकच आहे, असे मला मनापासून वाटते. रंग हा विभाग नव्हे. तो ‘अ‍ॅट्रिब्यूट’ म्हणजे वस्तूचा गुणधर्म म्हणून नोंदवला की त्यावर फिल्टर लावता येतो आणि एकच लाल पैठणी तीन ठिकाणी मांडावी लागत नाही. लग्नासाठी टॅग पुरेसा आहे. जुने विभाग काढताना त्यांचे वेब-पत्ते ३०१ रीडायरेक्टने (जुना पत्ता कायमचा नव्याकडे वळवण्याची सोय) नव्या पानांकडे वळवावेत, अन्यथा गूगलवरून आलेल्या ग्राहकाला पानच सापडणार नाही.