उपकेंद्रात तृतीयपंथी, समलिंगी, कातकरी रुग्ण एकदा येतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. काय बदलावं?

तुम्ही रत्नागिरीकडच्या उपकेंद्रात नव्याने रुजू झालाय आणि आंबाबागेतल्या नेपाळी राखणदारांबद्दलही हेच विचारलंय. सुरुवात केसपेपरच्या खिडकीपासून करा. माणूस दुखावला जातो तो बहुधा तिथेच, तपासणीच्या खोलीत नव्हे.

आधारवर पुरुषाचं नाव आणि समोर साडीतली बाई. ते नाव मोठ्याने पुकारलं की अख्खं बाकडं वळून बघतं. केसपेपरवर आधारचं नाव राहू द्या, कोपऱ्यात हाकेचं नाव लिहा आणि बोलावताना नंबर पुकारा. मात्र सगळ्यांचाच; एकाचाच पुकारलात तर बोट दाखवल्यासारखंच झालं. बोलताना सरसकट अहोजाहो. 'आलास की आलीस' हा पेच 'आलात' म्हटलं की सुटतो. उपचारासाठी तृतीयपंथी ओळखपत्र मागू नका. आरोग्यसेवा नाकारणं किंवा तिथे वाईट वागवणं याला तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्याने मनाई आहे.

आपल्याकडची खरी अडचण म्हणजे गाव लहान. सिस्टर शेजारच्या वाडीची, शिपाई भावकीतला. समलिंगी मुलगा गुप्तरोगाची तक्रार घेऊन येतच नाही, आला तर 'लघवीला जळजळ' एवढंच सांगतो. सोबतच्या माणसाला बाहेर बसवण्याचा नियम प्रत्येक रुग्णाला लावा, म्हणजे कुणाला संशय येत नाही. 'लग्न झालंय का' याने काहीच कळत नाही. 'संबंध पुरुषांशी, बायकांशी की दोघांशी' हे रक्तदाब विचारावा तितक्या कोरड्या आवाजात विचारा. फोन नंबर घेताना घरचं कुणी उचललं तर चालेल का, तेही विचारा. एचआयव्हीचा धोका झाला असेल तर प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि 28 दिवस घ्यावं लागतं. तिथे 'सोमवारी या' म्हणणं महागात पडतं.

शरीर बाईसारखं दिसावं म्हणून बऱ्याच तृतीयपंथी स्त्रिया मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनानेच घेतात. ओरडलात तर पुढच्या वेळी लपवतील. किती, किती दिवस, तंबाखू आहे का, एवढं विचारा. एकाच पोटरीला सूज किंवा अचानक धाप म्हणजे रक्ताची गुठळी असू शकते, लगेच 108. स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी संप्रेरक दाबणारी गोळी) चालू असेल तर पोटॅशियम तपासायला लावा. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) घेणाऱ्या तृतीयपंथी पुरुषांचं हिमोग्लोबिन वाढतं. पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो, आणि गर्भाशयाचं तोंड शाबूत असेल तर तिशीनंतर तिथल्या कर्करोगाची तपासणी त्यांचीही करायची. पण दुखणं दातांचं असेल तर यातलं काहीच विचारू नका. कुतूहल हे तपासणीचं कारण नाही.

आईबाप मुलाला 'सुधरवायला' आणतील. तसे उपचार करणं हे 2022 पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय, हे त्यांना सरळ सांगा. मुलाला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर द्या.

कातकऱ्यांचं गणित वेगळं. दिवाळीनंतर वाडी वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जाते आणि क्षयाचं सहा महिन्यांचं औषध मध्येच तुटतं. त्याला बेजबाबदारपणा म्हणू नका. निघण्याआधी कुठल्या तालुक्यात चाललेत ते विचारून निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर बदली टाका, रुग्णाचा नोंदणी नंबर तोच चालतो. पाकिटावर सूर्य-चंद्र काढून द्या, 'आठ वाजता' सांगू नका. नेपाळी राखणदाराला आणि खलाशाला बागमालक किंवा तांडेल (होडीचा प्रमुख) घेऊन येतो आणि तोच उत्तरं देतो. त्याला दुभाषा करू नका, मजुरी त्याच्याच हातात असते. गडी एकटा असताना साध्या हिंदीत विचारा, नाहीतर त्याच्या गावच्या माणसाला फोन लावून स्पीकरवर घ्या.

गणपतीत मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांपैकी कुणाच्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्या संपतात. लाजेने आठ-दहा दिवस तसेच काढतात. एआरटीचं पुस्तक सोबत असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या केंद्रातून प्रवासापुरत्या मिळू शकतात; आशाताईंना हे श्रावणातच सांगून ठेवा.